तांब्यातलं पाणी संपलं तेव्हा

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पाय धुण्याचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्याची मांडामांड माझ्याकडे असते: बारा खुर्च्या, घंगाळ, तांब्या, बारा लहान टॉवेल आणि फादरांनी कमरेला बांधायचा एक मोठा. बारा हा आकडा परंपरेचा, बारा शिष्यांवरून. मिस्सेचा विधी दिलेला मिस्साग्रंथ संख्या सांगत नाही. २०१६ पासून स्त्रियांनाही निवडता येतं. पाणी कोमट हवं, आणि ते मनगटावर ओतून बघायचं, कारण मधुमेह असलेल्याच्या पायाला चटका कळेलच असं नाही.

दीड लिटर पाणी पुरतं, हा माझा हिशोब. तो हिशोबच चुकीचा होता, हे त्या दिवशी समजलं. दीड लिटर पुरायचं, कारण सगळे घरून पाय घासूनपुसून येत. फादर एकाच पायावर ओंजळभर पाणी सोडत, टॉवेल टेकवत आणि पुढे सरकत.

त्या संध्याकाळी बारातले एक जण आलेच नाहीत. ऐनवेळी मागच्या बाकावरच्या एका गवंड्याला बोलावलं. तो कामावरून थेट आलेला. त्याने चप्पल काढली, तर टाचांच्या भेगांत सिमेंट बसलेलं. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि हळूच म्हणाला, "फादर, माझे नको."

बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्रही आधी असाच पाय धुऊ द्यायला नकार देतो. लाज दोघांची वेगळी, पण दुसऱ्याकडून सेवा घेणं दोघांनाही जड गेलं. मला तर वाटतं, सेवा करण्यापेक्षा ती घ्यायलाच जास्त नम्रता लागते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले होते. तो उठून बाहेर गेला तो त्यानंतर.

फादर गुडघ्यांवरच थांबले. काही बोलले नाहीत, फक्त हात पुढे धरून राहिले. थोड्या वेळाने गवंड्याने एक पाय पुढे केला. सिमेंट ओंजळभर पाण्याने निघत नाही; आधी भिजवावं लागतं, मग अंगठ्याने हलकेच चोळावं लागतं. घासलं तर भेगांतून रक्त येतं. घंगाळातलं पाणी राखाडी झालं, तांब्या रिकामा झाला, आणि अजून चार जण बाकी होते. मी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, धावलो. तिथे गार पाणीच होतं, ते तसंच आणलं. तोवर गायकवृंदाचं गीत संपलं होतं आणि शांततेत फक्त पाण्याचा आवाज येत होता. फादरांनी दुसरा पायही धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. लहान टॉवेल पुरेना, तेव्हा कमरेचा टॉवेल वापरला. योहानाने लिहिलंय तेही हेच: कमरेला बांधलेल्या रुमालानेच येशूने पाय पुसले.

आता मी दोन बादल्या कोमट पाणी आणि एक रिकामं घंगाळ जवळ ठेवतो. निवडलेल्यांना निरोप जातो, पाय धुऊन येऊ नका. तरी निम्मे धुऊनच येतात.