झाडावरची दालचिनी

आमच्या स्वयंपाकात दालचिनी लागते ती बोटाच्या पेराएवढी. मसालेभातात एक तुकडा, थंडीत चहात चिमूटभर, आणि गोडा मसाला करायच्या दिवशी काय ती मूठभर. त्यामुळे वाटीभर दालचिनीची पूड मळायची आणि खायची मात्र नाही, हा प्रकार मला चैनीपेक्षा पापाकडे झुकणारा वाटायचा.

पण इथे न्यू जर्सीत डिसेंबर लागला की शाळेतून, लायब्ररीतून नाहीतर शेजारच्या आजींकडून ही कृती घरात येतेच. दालचिनीची पूड आणि ॲपलसॉस, म्हणजे शिजवून घोटलेला सफरचंदाचा गर, जवळजवळ निम्मेनिम. गोळा मळायचा, पाव इंच जाड लाटायचा, साच्याने चांदण्या आणि घंटा कापायच्या, ओल्यातच स्ट्रॉने भोक पाडायचं आणि जाळीवर दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. मधूनमधून उलटायचं, नाहीतर कडा वर येतात. वाळलं की रिबन ओवून ख्रिसमसच्या झाडावर. आमच्याकडे झाड मुलीसाठी येतं, असं आम्ही म्हणतो. दिव्यांच्या माळा सोडवत बसतो तो नवरा.

गेल्या वर्षी या दिवसांत आई इथे होती. तिचं माहेर दापोलीकडचं. नारळी-पोफळीच्या बागेत जायफळ, मिरी आणि दालचिनी लावलेली. पाऊस सरला की फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडून काढायची, सुरीने उभी चीर देऊन आतली साल अलगद सोडवायची आणि सावलीत वाळवायची; वाळता वाळता तिची आपोआप सुरळी होते. पानंही वाया जात नाहीत, ती तमालपत्र म्हणून डब्यात. हे सगळं पाहत वाढलेल्या बाईसमोर मी ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातून आणलेली भलीमोठी पिशवी परातीत रिकामी केली.

"अगं, एवढी? आणि खायचं नाही?"

"नाही."

तिने चिमूट नाकाशी नेली. "आणि ही आपली नव्हेच."

तिचं नाक चुकत नाही. अमेरिकेत दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक कॅसिया, इंडोनेशिया-व्हिएतनामकडून येणारी. जाड सालीची, रंगाला गडद, वासाला तिखट. कोकणातली आणि श्रीलंकेतली साल पातळ, कागदासारख्या थरांची, वास गोडसर. मात्र झाडावरच्या या शोभेच्या कामाला ही परकीच बरी. पाणी लागलं की कॅसियाची पूड बुळबुळीत होते आणि सफरचंदातल्या पेक्टिनबरोबर घट्ट धरून ठेवते. शिवाय मसालाच इतका असतो की तो गर सहसा बुरसत नाही. (पूड विश्वासाच्या दुकानातली घ्यावी. २०२३ मध्ये इथे लहान मुलांच्या सफरचंद-दालचिनीच्या गराच्या पाकिटांत शिसं सापडलं होतं, आणि ते आलं होतं दालचिनीतून.)

आईने थोडा वेळ लांबून पाहिलं. मग माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. गोळा पोळपाटाला चिकटत होता, मी मैदा भुरभुरवणार तेवढ्यात ती म्हणाली, "पांढरे डाग पडतील, त्याचीच पूड घे." इथल्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं, पण तिला पुस्तक कशाला हवं? साचे तिला पोरकट वाटले. ट्रॉलीबॅगेतून करंजीचं कातण निघालं आणि उरलेल्या पोळीच्या कातरकडांच्या शंकरपाळ्या पडल्या. वाळल्यावर त्या आकसून गडद तपकिरी झाल्या, थेट जरा जास्त तळलेल्या दिसायला लागल्या. ट्रेवर मी देवनागरीत चिठ्ठी चिकटवली, 'खायचं नाही'. ती नवऱ्यासाठी होती.

संत्र्यात लवंगा खोचून ते वासासाठी टांगायचं, हा दुसरा प्रकार मात्र तिने साफ नाकारला. लवंगांनी बोटांची टोकं दुखतात, संत्रं वाळायला कित्येक आठवडे लागतात, आणि "लवंग काय भाव आहे, माहीत आहे का?" मी तिला इंग्लंडच्या कार्डिनल वुल्सीची हकीकत सांगितली: सोळाव्या शतकातला हा बडा माणूस संत्र्यातला गर काढून त्यात व्हिनेगरचा स्पंज भरायचा आणि गर्दीतून जाताना ते हुंगत राहायचा, रोगट हवा बाधू नये म्हणून. ती म्हणाली, "गर कुणी खाल्ला?"

सणाचा वास आपल्यालाही नवा नाही. उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, वाळवून कुटलेली संत्र्याची साल, यातलं काही पोटात जात नाही. पण उटणं नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागतं आणि मोरीतून वाहून जातं. अगरबत्ती जळून जाते, गजरा संध्याकाळपर्यंत कोमेजतो. आपला सुगंध खर्चून टाकायचा असतो. इथला टांगून ठेवतात, जानेवारीत डब्यात भरतात आणि पुढच्या वर्षी वास उतरला असेल तर बारीक सॅंडपेपरने घासून पुन्हा जागा करतात. मला अजून आपलीच रीत बरी वाटते. पण माझी मुलगी शाळेतून आली, दारातच थांबून नाक वर केलं आणि म्हणाली, "ख्रिसमस!" त्याच वेळी स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मसालेभाताचा वास सुटलाय नुसता, आज तोच टाकते." वास एकच होता.

दोघींचं खरं झालं, कारण रात्री मसालेभात झालाच. पोळपाटावरची कोरडी पूड आईने कुंचल्याने गोळा करून डबीत भरली होती, तीही त्यात गेली.

आता फोनवर ती रंगात येऊन सांगते की पुढच्या खेपेला गावची दालचिनी आणते, घरी कुटलेली, ही तुमची नुसती तिखट, झाडाला कसा गोड वास येईल बघ. मी हो हो म्हणते. गावची दालचिनी हाताशी आली तर ती झाडावर टांगायला मी काही वेडी नाही.