एसटी आली असणार

आठवीत आमच्या वर्गाच्या खिडकीतून फाट्यावरचा रस्ता दिसायचा. निम्मा वर्ग आजूबाजूच्या वाड्यांवरून येणारा, त्यामुळे शेवटच्या तासाला सगळ्यांचे डोळे तिकडेच. आणि शेवटचा तास नेमका इंग्रजीचा. एके दिवशी सरांनी शिकवणं थांबवून विचारलं, "काय दिसतंय?"

"धुरळा, सर."

"मग?"

"एसटी आली असणार."

सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. त्याखाली 'आली असेल', त्याखाली 'यायला हवी होती'. शेजारी इंग्रजी: मस्ट हॅव कम, मे हॅव कम, शुड हॅव कम. "गाडी तीच. मग बदललं काय?" कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, "बोलणारा बदलला. धुरळा पाहून बोलणाऱ्याचा मस्ट. नुसता अंदाज बांधणाऱ्याचा मे. वेळ टळून गेली तरी फाट्यावर उभा आहे, त्याचा शुड."

मोडल ऑक्झिलरीची, म्हणजे मस्ट, मे, शुड अशा सहायक क्रियापदांची, आमची ओळख अशी झाली. नियमही घोकले: यांना 'एस' लागत नाही, पुढे मूळ क्रियापद, 'ऑट'ला तेवढा 'टू', आणि दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत, म्हणून 'विल कॅन' नव्हे, 'विल बी एबल टू'. पण सरांचा पहिला प्रश्न कायम एकच असे, "हे वाक्य कोण बोलतंय?"

नववीत स्नेहसंमेलनाची इंग्रजी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी फक्त रंगीत तालीम, पालकांनी यायला नको, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं, 'पेरेंट्स मस्ट नॉट कम'. सरांनी लाल शाईचं पेन उचललंच नाही. म्हणाले, "आता हेच मराठीत वाच." मी वाचलं, "पालकांनी येऊ नये." वाचतानाच चूक कळली. मला 'येण्याची गरज नाही' म्हणायचं होतं, आणि मी शाळेचं दार लावून घेतलं होतं. मग सरांनी चुकीचं मूळ दाखवलं. 'उद्या डबा आणायला नको' आणि 'विहिरीत उतरायला नको', आपला 'नको' दोन्हीकडे चालतो. पहिल्यात मोकळीक आहे, दुसऱ्यात मनाई. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी: नीड नॉट आणि मस्ट नॉट. माझ्या आठवणीत इंग्रजीमुळे मराठी नीट ऐकू आली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे मी कायदा शिकले आणि कायद्याच्या मजकुराचा मराठी अनुवाद हेच माझं काम झालं. तिथं शॅल आणि मे यांच्यात माणसाचा हक्क अडकलेला असतो. 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं आलेला अनुच्छेद 21क पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याला शॅल आहे, ते कोणत्या रीतीनं द्यायचं हे कायद्यानं ठरवण्याला मे. शिक्षण देणं राज्याला बंधनकारक, रीत ठरवणं त्याच्या हाती. अनुवादात हे दोन शब्द एकाच पारड्यात पडले, तर वाडीवरच्या मुलाच्या हातचं काहीतरी जातं. न्यायालयं कधीकधी संदर्भ पाहून मे चा अर्थ शॅल असाही लावतात, पण म्हणून अनुवादकानं आधीच तसं लिहू नये, हे माझं ठाम मत.

सुरुवातीला एका गोष्टीनं मला फार छळलं. अनुच्छेद 52 मध्ये शॅल आहे, आणि त्याचं मराठी होतं 'भारताचा एक राष्ट्रपती असेल'. माझ्या कानात मात्र 'एसटी आली असेल' घुमायचं. अंदाजाचा शब्द आज्ञेला कसा चालेल? दिवाळीत गावी आले तेव्हा सरांकडे गेले. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर शेंगा निवडत होते. मी वाक्य वाचून दाखवलं.

"कोण बोलतंय?" सरांनी विचारलं.

"घटना."

"घटना कुणाच्या तोंडून बोलते?"

"आम्ही, भारताचे लोक."

"मग हे खिडकीतून धुरळा बघणाऱ्या पोराचं 'असेल' नाही, बाळ. ठरवणाऱ्याचं आहे."

मी परत गेले, आणि हातातल्या मसुद्यात जिथं जिथं 'असेल' खोडून 'असलेच पाहिजे' केलं होतं, तिथं तिथं 'असेल' पुन्हा लिहिलं.