स्ट्रोकच्या पेशंटला गर्भपाताबद्दल का विचारलं?

सकाळी वेणी घालताना हातातला कंगवा गळून पडला. उचलायला वाकले तर उजवा हात ऐकेना. सासूबाईंना हाक मारायला गेले, तर नुसता घोगरा आवाज निघाला. वय ३४, बीपी नाही, शुगर नाही. जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईन लावलं आणि त्यातच दुपार झाली. तो स्ट्रोक होता; मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली, हे अजून मनाला लागतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर कृपा करून थेट सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

शेवटी मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे राऊंडला आलेल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी नवऱ्याला विचारलं, “गर्भपात झालेत का कधी?”

दोन. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. पहिल्या वेळी पपई खाल्ली म्हणून, दुसऱ्या वेळी जिना चढले म्हणून, असं घरात ठरलं होतं.

त्या एका प्रश्नामुळे रक्तातल्या तीन अँटीबॉडीजच्या तपासण्या झाल्या: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. तिन्ही पॉझिटिव्ह. पण एखाद्या इन्फेक्शननंतरही या अँटीबॉडीज काही काळ दिसतात, म्हणून १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट तोच आला. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. आपल्याच अँटीबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होतात. गरोदरपणात त्या वारेलाही नीट काम करू देत नाहीत.

त्या रात्री मी दोन्ही बाळांसाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडले. सासूबाई उशाशी बसून होत्या. “तुझं काहीच चुकलं नव्हतं गं,” म्हणाल्या.

आता रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. मेथी-पालकाने तो आकडा हलतो; त्या भाज्या बंद नाहीत, पण आठवड्याचं प्रमाण सारखं हवं. मनाने पेनकिलर घ्यायची नाही. सारखं रक्त तपासावं लागणार नाही अशा नव्या गोळ्यांचं मी विचारलं होतं. तिन्ही पॉझिटिव्ह असताना त्यांच्यावर पुन्हा स्ट्रोकचा धोका जास्त असतो, असं मॅडम म्हणाल्या. बाळाचा विचार केला तर आधी सांगायचं, कारण ही गोळी गर्भाला घातक. तेव्हा हेपरिनची इंजेक्शनं आणि ॲस्पिरिन.

रोजचा डोस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, उजव्या हातानेच. ‘अर्धी’मधला रफार अजून जागेवर बसत नाही.