मलई काढली की डिग्री का चढते?

आठवीचा वर्ग, विज्ञानाचा तास, ‘बल व दाब’ या पाठातला आर्किमिडीजचा भाग. शाळा कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर, करवीर तालुक्यातली. आमच्या बी.एड. कॉलेजची एक छात्राध्यापिका आंतरवासितेतला, म्हणजे इंटर्नशिपमधला, पाठ घेत होती. मी शेवटच्या बाकावर निरीक्षण वही आणि फ्लँडर्सचा तक्ता घेऊन बसले होते. एम.एड. केलेल्यांना हा तक्ता ठाऊक असतो. दर तीन सेकंदांनी वर्गात जे चाललंय त्याचा आकडा टिपायचा. ४ म्हणजे शिक्षकाने प्रश्न विचारला, ५ म्हणजे व्याख्यान, ८ म्हणजे विचारल्यावर मुलाने उत्तर दिलं, ९ म्हणजे मूल आपणहून बोललं आणि १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. पस्तीस मिनिटांच्या तासात सातशे आकडे होतात. हात भरून येतो.

सुरुवातीला सगळं टाचणाबरहुकूम. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन. माझ्या तक्त्यात पाच, पाच, पाच, चार, आठ, परत पाच. मुलं एका सुरात ‘होऽऽ मॅडम’ म्हणत होती. पाहुणा मागे बसलाय हे मुलांना शिकवावं लागत नाही.

मग दुग्धतामापी आला, म्हणजे दुधात तरंगवून त्याची घनता बघायचा लॅक्टोमीटर. पुस्तकात तो एका ओळीत येऊन जातो. हिनेही एका वाक्यात उरकला: दुधात पाणी घातलं की घनता कमी होते आणि दुग्धतामापी जास्त बुडतो. फळा पुसायला ती वळलीच होती, तेवढ्यात खिडकीशेजारचा मुलगा उठला.

“मॅडम, पाणी घातल्यावर डिग्री उतरती ते कळलं. पण साय काढल्यावर चढती, ती कशी?”

आमच्या भागात गोठ्यात म्हैस नाही असं घर शोधावं लागतं. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन दूध संस्थेत जायचं काम बहुधा पोरांकडेच. लॅक्टोमीटरची ‘डिग्री’ आणि ‘फॅट’ या पोरांना बेरीज-वजाबाकीच्या आधीपासून माहीत असते.

ती गप्प झाली. मी लिहिलं: १०. पुन्हा १०. पुन्हा १०, पुन्हा १०. बारा सेकंद वर्गात फार मोठे असतात. शिक्षण-संशोधक मेरी बड रोव यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. हे आम्ही बी.एड.ला शिकवतो. परीक्षेत त्यावर टीपही येते. पण पोराने विचारलेलं आपल्यालाच येत नसताना थांबायचं कसं, हे कुठल्याही पेपरात नाही.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी छात्राध्यापकांना दोनच वाटा ठाऊक असतात. ‘छान प्रश्न आहे, आपण नंतर बघू’ ही एक आणि ‘हे आपल्याला नाही’ ही दुसरी. ती दोन्हीकडे गेली नाही. “मला आत्ता सांगता येत नाही,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं?”

“साय घट्ट असती, म्हंजे जड. ती काढल्यावर दूध हलकं झालं पाहिजे. डिग्री उतरली पाहिजे. पण उलटंच होतंय.”

वर्गाने माना डोलावल्या. अर्धं मिनिट कुजबुज चालली. मग मुलींच्या रांगेतून, हात वर न करता, एकजण म्हणाली, “साय वर येती की. जड असती तर तळाला बसली असती.”

माझ्या तक्त्यात ९ पडला आणि त्यानंतर मी आकडे टिपायचं सोडून दिलं.

छात्राध्यापिकेने फळ्यावर तीन शब्द लिहिले: पाणी, स्निग्धांश, बाकीचे घन पदार्थ. “यातलं पाण्यापेक्षा हलकं कोण आणि जड कोण?” पाण्याची डिग्री शून्य, दुधाची तिसाच्या आसपास, हे पोरांनीच सांगितलं. तीस डिग्री म्हणजे घनता १.०३०, हे तिने जोडलं. स्निग्धांशाची, म्हणजे फॅटची, घनता ०.९३ च्या आसपास, म्हणजे तो पाण्याहूनही हलका. दुधातली साखर, प्रथिनं, क्षार जड. हलकं काढून घेतलं की उरलेल्याची घनता वाढणार आणि लॅक्टोमीटर वर उचलला जाणार. खिडकीशेजारचा लगेच म्हणाला, “मग साय बी काढायची आणि बेतानं पाणी बी वतायचं. डिग्री जिथल्या तिथं!” वर्ग खदखदून हसला. मागून एकाने ओरडून सांगितलं, “म्हणून तर डेअरीत फॅट बी बघत्यात!” घंटा झाली.

संकलन राहिलं, मूल्यमापनाचे प्रश्न राहिले, स्वाध्याय फळ्यावर आलाच नाही.

पाठोत्तर चर्चेत शाळेचे विज्ञानाचे सर सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, पोरगी हुशार आहे, पण पाठ पूर्ण झाला नाही.” त्यांचं चूक नव्हतं. साठ मुलं, पस्तीस मिनिटं, घटक चाचणी तोंडावर. रोज असा तास झाला तर अभ्यासक्रम दिवाळीनंतरही पहिल्या सत्रातच रेंगाळेल. त्यांच्या फॉर्मवर संकलनाला गुण होते, फलकलेखनाला होते, प्रबलनाला म्हणजे मुलांना शाबासकी देण्याला होते. ज्याला मला गुण द्यायचे होते त्याचा रकानाच नव्हता. तक्त्यानेही तेच केलं. पोरगी अडली म्हणून पडलेली शांतता आणि वर्ग विचार करत होता म्हणून पडलेली शांतता, दोन्हींना १०.

२०१३ साली फिलिप सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या (सातवी-आठवीच्या) १८१ विज्ञान शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी शिक्षकांना दोन गोष्टी विचारल्या: प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं आणि मुलं बहुतेक कोणतं चुकीचं उत्तर निवडतील? जिथे मुलांची चुकीची समजूत पक्की होती, तिथे दोन्ही ओळखणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त पुढे गेली. नुसतं बरोबर उत्तर येणाऱ्यांचा फायदा त्यामानाने कमी. घट्ट ते जड, ही तसलीच पक्की समजूत. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये सांगितलं ते हेच होतं. विषय येणं वेगळं, शिकवायचं तंत्र वेगळं आणि हा विषय या मुलांना कुठे अडेल हे कळणं तिसरं.

आमची छात्राध्यापिका बी.एस्सी. रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. घनतेची गणितं तिने ढिगाने सोडवली होती. “तीन वर्षांत मला कुणी ‘का’ विचारलं नाही, मॅडम, आणि मीही विचारलं नाही,” असं ती परतताना बसमध्ये म्हणाली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, दुसऱ्या वर्षात सोळा आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं, ते चांगलंच झालं. पण पदवीच्या वर्गात तीन वर्षं खाली मान घालून लिहून घेतलेली सवय सोळा आठवड्यांत सुटत नाही. देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. हे आमच्या छात्राध्यापकांना पाठ असतं. आयोगाने शिक्षक घडवण्याबद्दल काय म्हटलं ते मात्र गाइडमधून येतं.

मी तिला चांगले गुण दिले आणि फॉर्मच्या मागे कारण लिहिलं. शाळेच्या सरांनी त्यांच्या हिशेबाने कमी दिले. सरासरी निघाली.

नंतर मी पाठ टाचणात एक रकाना सुचवला: ‘मुलं इथे काय चुकीचं सांगतील?’ आमच्या बैठकीत तो नमुन्यात बसत नाही म्हणून मागे पडला. आता माझ्या गटाचे छात्राध्यापक तो समासात पेन्सिलीने लिहितात. बरेचजण एकमेकांचं उतरवतात, ते लगेच कळतं. ज्यांनी आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत चार पोरांना गाठून विचारलेलं असतं, त्यांचा समास वाचायला मजा येते.