माझा अनुभव: व्हीसेंटरचं सर्टिफिकेट लॅपटॉपवर बसवताना

मी नाशिकला बसून पुण्यातले सर्व्हर सांभाळतो, व्हीपीएन (तिथल्या नेटवर्कशी दुरून जोडणारी सुरक्षित वाट) लावायचं आणि ब्राउझरमध्ये व्हीएमवेअरचं व्हीसेंटर, म्हणजे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, उघडायचं. पान उघडलं की "नॉट सिक्युअर", मग अॅडव्हान्स्ड, मग प्रोसीड, हे इतकं अंगवळणी पडलेलं की समोर काय लिहिलंय ते वाचणंच सोडलं होतं.

अडलं ते एका रात्री. लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाईल) डेटास्टोअरवर, म्हणजे सर्व्हरच्या साठवणीच्या जागेवर, चढवायची होती, अपलोड सुरू होतंय न होतंय तोच फेल, परत केलं, परत फेल. शेवटी मेसेज नीट वाचला, तर ब्राउझरचा सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्रावर, भरवसा नाही म्हणे. अरे पण प्रोसीड तर केलंय! नंतर उलगडा झाला की फाईल व्हीसेंटरकडे जातच नाही, ब्राउझर ती थेट ईएसएक्सआय होस्टला (ज्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालतात त्याला) पाठवतो, त्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि तिथे प्रोसीड करायचं का हे कुणी विचारतही नाही. मात्र आमच्याकडे दोन्हींवर सही एकाचीच आहे, व्हीसेंटरमधल्या व्हीएमसीएची (सर्टिफिकेटं देणाऱ्या भागाची). म्हणजे त्याचं रूट सर्टिफिकेट, ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं चालतात ते, लॅपटॉपने मानलं की सगळे होस्ट एकदम सुटतात.

व्हीसेंटरच्या पहिल्याच पानावर ट्रस्टेड रूट सर्टिफिकेट डाउनलोड करायची लिंक असते, झिप उतरवली, आत विन नावाच्या फोल्डरमध्ये सीआरटी फाईल. इथे मात्र मी थांबलो. ज्या पानावर भरवसा नाही तिथूनच उतरवलेली फाईल डोळे झाकून रूटमध्ये कशी टाकायची? एकदा रूट मानलं की त्याने सही केलेली कुठलीही साईट माझा लॅपटॉप खरी समजणार, आणि मी तिथे अॅडमिनचा पासवर्ड टाकतो. म्हणून पुण्याच्या सरांना फोन लावला, ते सर्व्हर रूममध्ये गेले, कन्सोलवरून थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ) काढला आणि आम्ही ४० अक्षरं एकेक करून जुळवली. "बी का डी, सर?" "डी, दिल्लीचा डी." मध्ये आवाज तुटला म्हणून शेवटची १० परत घेतली. सगळी जुळली तेव्हाच पुढे गेलो.

इन्स्टॉल करताना करंट युजर (फक्त माझं खातं) नाही, लोकल मशीन (अख्खा लॅपटॉप) निवडलं. त्यानंतर विंडोज विचारतं स्टोअर, म्हणजे सर्टिफिकेट ठेवायचा कप्पा, आपोआप निवडू का, ते मी आधी तसंच ठेवलं आणि सर्टिफिकेट इंटरमीजिएट नावाच्या, रूट नसलेल्या कप्प्यात जाऊन बसलं, काही उपयोग नाही. परत केलं, या वेळी ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज स्वतः निवडलं, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला.

तरी वॉर्निंग! पण एरर बदललेला, आधी ऑथॉरिटी इनव्हॅलिड (सही करणाऱ्यावर भरवसा नाही) होता, आता कॉमन नेम इनव्हॅलिड (नाव जुळत नाही). मी कायम आयपी (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) टाकून उघडायचो आणि सर्टिफिकेटवर होतं सर्व्हरचं पूर्ण नाव. व्हीपीएनवर ते नाव रिझॉल्व्ह होत नव्हतं, म्हणजे नावावरून आयपी सापडत नव्हता, म्हणून नोटपॅड अॅडमिन म्हणून उघडून होस्ट्स फाईलमध्ये (नाव आणि आयपीची जोडी लिहायची विंडोजची फाईल) व्हीसेंटर आणि तिन्ही होस्टच्या ओळी घातल्या. नावाने उघडलं, वॉर्निंग गायब, आयएसओ सरळ चढली. फार हायसं वाटलं, खरंच.

पुढच्या आठवड्यात टीममधल्या नव्या मुलीच्या लॅपटॉपवर बसवायचं होतं. झिप माझ्याकडे तयार होती, तरी सरांना फोन तिलाच लावायला सांगितला आणि ४० अक्षरं तिनेच वाचली.