66 टक्के की 44?

आमच्याकडे औषध डॉक्टर सुचवतात, पण दोन पर्याय असले की घरच्यांना ते उलगडून सांगायचं काम माझ्याकडे, फार्मासिस्टकडे, येतं. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, नसांवरच्या गाठींसाठीच्या मिरडामेटिनिब या औषधाला मान्यता दिली. त्यानंतर लवकरच आई, बाबा आणि त्यांचा लहानगा माझ्यासमोर येऊन बसले. मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1. या आजारात सतराव्या गुणसूत्रावरचं जनुक बिघडतं, पेशींच्या वाढीला लागणारा ब्रेक निकामी होतो आणि नसांच्या आवरणात गाठी वाढत जातात. त्याची गाठ प्लेक्सिफॉर्म, म्हणजे नसांच्या जाळ्यात पसरत जाणारी, मानेत खोलवर होती. ती पूर्ण काढता येणार नाही, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं.

बाबा घरून तक्ता करून आले होते. याच गाठींवरचं आधीचं औषध सेलुमेटिनिब 66, मिरडामेटिनिब 52. "मॅडम, गणित सरळ आहे. 66 वालं द्या."

गाठ 66 टक्क्यांनी लहान होते, अशी त्यांची समजूत होती. तसं नाही. एमआरआयवर गाठीचं घनफळ निदान 20 टक्क्यांनी घटलं, तर औषध लागू पडलं असं धरतात. 66 टक्के म्हणजे चाचणीतल्या 50 मुलांपैकी 33 जणांची गाठ तेवढी तरी आक्रसली. बाबांचा चेहरा उतरला. मग मी सेलुमेटिनिबचं माहितीपत्रकच त्यांच्यापुढे ठेवलं. त्या 66 टक्क्यांच्या जवळच आणखी एक आकडा छापलेला आहे. त्याच मुलांचे स्कॅन स्वतंत्र तज्ज्ञांनी पुन्हा मोजले तेव्हा प्रमाण भरलं 44 टक्के.

"म्हणजे खरा आकडा कुठला?"

दोन्ही खरे. वेड्यावाकड्या पसरलेल्या गाठीचं घनफळ मोजताना कडा कुठे धरायची, यातच एवढा फरक पडतो. मिरडामेटिनिबच्या चाचणीतल्या 56 मुलांचा 52 टक्के हा आकडाही स्वतंत्र तज्ज्ञांनी मोजलेला आहे. मग 52 ची तुलना 66 शी करायची की 44 शी? माझ्या मते कशाशीच नाही. मुलं वेगळी, चाचण्या वेगळ्या, आणि दोन्ही औषधं समोरासमोर तपासलेली नाहीत. शिवाय दोन्ही एमईके नावाच्या एकाच प्रथिनाला अडवतात. त्यामुळे पुरळ, जुलाब, नखांच्या कडेची सूज हे त्रास दोन्हींत होतात, आणि हृदयाची व डोळ्यांची तपासणीही दोन्हींत चुकत नाही.

तक्ता बाजूला पडला आणि खरं बोलणं सुरू झालं. सेलुमेटिनिब तेव्हा फक्त कॅप्सूलमध्येच होतं. ती चावायची नाही, उघडायची नाही, रोज दोनदा अख्खी गिळायची. सरावासाठी मी रिकामी कॅप्सूल ठेवते, ती मुलाला दिली. ती त्याने दोनदा थुंकली आणि तिसऱ्यांदा तोंडच उघडेना. मिरडामेटिनिबची गोळी पाण्यात विरघळवून देता येते. आईच्या पिशवीतून एक मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही निघाली. सेलुमेटिनिबच्या कॅप्सूलमध्येच ई जीवनसत्त्व असतं. त्यामुळे ते औषध ठरलं असतं तर ई जीवनसत्त्व जास्त होऊ नये म्हणून ही बाटली आधी तपासावी लागली असती.

बाबांची शेवटची हरकत मला आवडली. मिरडामेटिनिब तीन आठवडे घ्यायचं आणि चौथा आठवडा बंद. त्या आठवड्यात गाठ पुन्हा वाढली तर? मी म्हटलं, 52 टक्के आले ते ती सुट्टी धरूनच. "सुट्टी" एवढंच ऐकून पोरगं खूश!

मिरडामेटिनिब नक्की झालं. बाबा हृदयाच्या तपासणीची, इकोची, वेळ घ्यायला बाहेर गेले, तशी इतका वेळ गप्प बसलेली आई हळूच म्हणाली, "हे औषध मोठ्यांना चालतं का हो?"

तिलाही तोच आजार होता, मुलाला तिच्याकडूनच आलेला. मांडीत गाठ होती आणि बसलं की ठणकायची. कित्येक वर्षांत एमआरआय झालेला नव्हता. घरात एकाच्याच औषधाचा विचार होऊ शकतो, असं तिने धरूनच ठेवलं होतं. चालतं, मी सांगितलं. मोठ्यांचीही चाचणी झाली आहे, 58 जणांची, त्यांच्यात प्रमाण 41 टक्के. पण औषध चालू असताना गर्भ राहू देता येत नाही, त्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं लागेल. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि बाबांना हाक मारून सांगितलं, आणखी एका इकोची वेळ घ्या.