पायाची जखम भरत नाही तेव्हा

खानापूरच्या भातशेतीत अनवाणी चिखलणी केली की मधुमेह्याच्या सुन्न पायाला काटा रुतलेलाही कळत नाही. मग हळद नाहीतर तंबाखूची पूड भरतात. ती आधी थांबवा.

अशा जखमेवर व्हॅक्यूम ड्रेसिंग करतात: जखमेत स्पंज भरून वर चिकटपट्टीने हवाबंद करायचं आणि नळीने जोडलेल्या मशीनने आतला स्राव ओढून घ्यायचा. हे मशीन लावण्याआधी पायाचा रक्तपुरवठा बघायचा. मधुमेहात धमन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब खोटाच चांगला दिसतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा. तो पाऱ्याच्या ३० मिमीखाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे.

मेलेली कातडी काढून, रक्तस्राव थांबल्यावरच व्हॅक्यूम ड्रेसिंग. स्पंज जखमेच्या मापाचाच कापायचा. चांगल्या कातडीवर आला तर ती भिजून सोलवटते. किती तुकडे घातले ते चिकटपट्टीवर लिहा, एखादा आत राहिला की पू ठरलेला. मशीनचा ओढण्याचा दाब साधारण उणे १२५ मिमी, ड्रेसिंगची बदली ४८ ते ७२ तासांनी. बोटांच्या बेचक्यातून हवा गळते, तिथे जास्तीची पट्टी लागते. आणि आमच्याकडची वीज! बॅटरी चार्ज ठेवा; मशीन दोन तासांहून जास्त बंद राहिलं तर स्पंज काढून साधं ओलं ड्रेसिंग करायचं. नळीत लालभडक रक्त दिसलं तर मशीन लगेच बंद, जखम दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

त्या पायावर भार मात्र नको, संडासापर्यंतसुद्धा वॉकर घ्या.